सदतीस टाक्यांचा निबंध

यवतमाळ,
गुरुवार, ता. ९ फेब्रुवारी १९६१

तीर्थस्वरूप रामलाल मामा यांच्या चरणी,

भाचा देवीलालचा वाकून रामराम. सेवाभायाच्या कृपेनं मी इथं खुशाल आहे, म्हणजे जेवून-खाऊन खुशाल आहे, बाकीचं पुढं येते. तुमचा गुडघा कसा आहे? निरगुडीच्या पाल्यानं शेकून राह्यलो असं तुम्ही मागच्या पत्रात लिहलं होतं, पण उतार पडला की नाही ते लिहलं नाही. फुलसावंगीच्या शाळेतली पोट्टी अजून खडू चोरतात का? तांबडीले कालवड झाली की गोऱ्हा? बाबाचा माझ्यावरचा राग किती शिल्लक आहे? अन् याडी कशी आहे? (कॉलेजात मी आता चारचौघांसारखं 'आई' म्हणतो, पण पत्रात मले याडीच म्हणू द्या. 'आई' लिहलं की दुसऱ्याच कोणाची वाटते.) हे पत्र तुम्हीच तिले वाचून दाखवाल हे मले ठाऊक आहे. म्हणून एक युक्ती केली आहे. जिथं मी कंसात 'इथं खोका' असं लिहलं असन तिथं तुम्ही खोकायचं अन् मधलं सोडून पुढच्या परिच्छेदावर जायचं. तुम्ही मास्तर आहात, एवढं तुमाले जमते.

आता मोठी बातमी. मामा, मले तळटीप सापडली! हसू नका. वीस वर्षांचा झालो, एवढी पुस्तकं वाचली, पण पानाच्या खाली आडवी रेघ अन् त्या रेघेखाली मुंगीएवढं बारीक काय छापलेलं असते, ते मी जन्मात कधी पाह्यलं नव्हतं. मले वाटायचं छापखान्यात उरलेली अक्षरं खाली टाकून देत असतील. तर तसं नाही. वर आपण जे बोललो ते मुळात कोणाचं, कोणत्या पुस्तकातलं, कोणत्या सालचं अन् कितव्या पानावरचं, हे त्या रेघेखाली इमानदारीनं लिहायचं असते. मी दोन महिने याच्या मागं वेडा होऊन राह्यलो. रात्री झोपेतही रेघ ओढतो, असं खोलीतला जोडीदार म्हणते. (आधार : तोच.)

हे वेड आमचे इतिहासाचे प्रोफेसर वामनराव सर यायनं लावलं. उंच, वाळलेला माणूस, कोट उन्हाळ्यातही काढत नाही, अन् बोलते इतकं हळू की मागच्या बाकावरच्यानं पुढं येऊन बसलंच पाहिजे. त्यायनं आमाले पुस्तकाचा एक धडा कमी शिकवला अन् त्याच्या बदल्यात प्रत्येकाले वीस पानांचा निबंध लावला. विषय ज्यानं त्यानं आपल्या भागातला निवडायचा, लायब्ररीत बसून शोधायचा. निबंध वेळेत आला नाही तर टर्म नाही, अन् टर्म नाही तर परीक्षेले बसू देत नाहीत. मुदत सोमवार, ता. २०. मी विषय घेतला 'रेल्वे येण्याआधीची आपल्या भागातली मालवाहतूक', म्हणजे आपलेच पणजोबा, आपलेच बैल अन् आपलंच मीठ. मनात म्हटलं, हे तर घरचंच आहे, दोन दिवसांत हाणून टाकतो. टर्म गेली तर काय होईल ते तुमाले सांगायची गरज नाही. बाबानं निघतानाच सांगून ठेवलं की एक साल वाया गेलं की पुस्तकं चुलीत अन् तू वखरामागं. तुम्ही त्यायच्याशी भांडून, तीन दिवस आमच्या घरचं पाणी न पिता मले इथं पाठवलं. तांड्यातला पहिला बी.ए. मी होईन असं तुम्ही नाईकासमोर बोलून बसलेत. मी ते विसरलो नाही मामा, रोज सकाळी तोंड धुताना आठवते.

आमच्या लायब्ररीच्या दोन खोल्या अन् एक खिडकी. पुस्तकं सारी लोखंडी कपाटात, कपाटाले कुलूप, कुलपाची किल्ली ग्रंथपाल नानाजीच्या जानव्याले. नानाजी म्हणजे साठीचे गृहस्थ, टोपी पांढरी फेक, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. पुस्तक कपाटात असलं की सुखी असते अन् पोरांच्या हातात गेलं की आजारी पडते, असं त्यायचं मत. आपण खिडकीतून चिठ्ठी द्यायची, ते चिठ्ठीकडं पाहतात, मग आपल्या नखांकडं पाहतात, अन् नखं साफ असली तरच उठतात. चिठ्ठीत पुस्तकाचा नंबर लागते. तो कुठून आणायचा? तर बाहेरच्या खोलीत लाकडी खण आहेत, होमिओपॅथीच्या डॉक्टरकडं असतात तसे, अन् खणात हजारो कार्डं. एका कार्डावर एक पुस्तक. मी 'मीठ' शोधलं, 'बैल' शोधला, 'रस्ते' शोधले, तीन कार्डं छान सापडली. (इथं खोका.) अन् मामा, मी ती तिन्ही कार्डं उपसून खिशात घातली! मले वाटलं रेशनचं जसं कार्ड, तसंच हे. कार्ड दाखवायचं, माल घ्यायचा. खिडकीवर नानाजीपुढं जाऊन ऐटीत तिन्ही ठेवली. नानाजीनं चष्मा काढला, डोळे पुसले, परत घातला. एक कार्ड खणातून निघालं म्हणजे एक पुस्तक मेलं, असं नंतर त्यायनं मले समजावून सांगतलं. मी त्या दिवशी तीन पुस्तकं मारली होती. ती परत जिवंत करायले त्यायले दुपारचे चार वाजले अन् मी तोवर बाजूले उभा होतो.

तर असा मी लायब्ररीत रुळलो अन् तीन पुस्तकांतून भराभर उतरवून अठरा पानांचा निबंध पंधरा दिवसांत सरांपुढं ठेवला. अक्षर तुम्ही लावलेलं वळणदार, समास दोन बोटांचा, मनात म्हटलं आता सर वर्गात वाचूनच दाखवतील. चौथ्या दिवशी वही परत आली. बाप्पा! सारी वही लाल. चूक काढलेली नव्हती, काट मारलेली नव्हती. फक्त दर दोन ओळींमागं समासात बारीक अक्षरात एकच गोष्ट लिहलेली : 'कोण म्हणते?' बैल दिवसाले इतके कोस चालायचे. कोण म्हणते? मीठ कोकणातून यायचं. कोण म्हणते? मी मोजले मामा, एक्केचाळीस वेळा. असा राग आला की काय सांगू. मी म्हणतो न, आणखी कोण म्हणणार? पण जसजसा विचार करत गेलो तसतसं माझ्या पायाखालचं सरकत गेलं. कारण मले दिसून आलं की मी आजवर जे जे खरं धरून चाललो त्यातल्या अर्ध्याले काही आधारच नाही. उदाहरणार्थ, केळापूरले जाताना वाटेत तुम्ही कंदिलाच्या काचेनं वाघ पळवला ती गोष्ट. लहानपणापासून पन्नास वेळा ऐकली. दरवर्षी वाघ एक हात लांब होते. ती गोष्ट कोण म्हणते? तुम्हीच म्हणता. बरं, ते राहू द्या.

दोन दिवस मी सरांच्या वर्गात तोंड पाडून बसलो. तिसऱ्या दिवशी मेसमध्ये भाकर मोडताना माझी नजर माझ्याच थैलीवर गेली. याडीनं भरून दिलेली, कवड्यांची, कोपऱ्यात तिची ती खूण, तीन तिरपे टाके अन् एक आडवा. तो कोपरा मी हजारदा पाह्यला असन, पण त्या दिवशी तो मले दिसला. तुमाले आठवते न, याडी काय सांगायची? तिच्या आजीच्या काळी तांडा निघाला की शंभर बैलांवर दोनशे गोण्या, अन् त्यात माल दहा घरांचा. मुक्कामाले साऱ्या गोण्या उतरवून एका जागी रचायच्या. मग कोणाची कोणती? तर दर घरच्या बाईचा आपापला टाका, गोणीच्या तोंडाशी घातलेला. तो टाका पाहून सकाळी गोणी बरोबर आपल्या बैलावर चढायची. दुसऱ्याची गोणी आपल्या बैलावर वाहून नेली तर त्यात काही लाज नव्हती, उलट तोच धंदा. पण वाटेत कोणाचा टाका उसवला तर तो चोर, अन् बिनटाक्याची गोणी जवळ सापडली तर त्याले नसाबात, तांड्याच्या पंचांपुढं उभं करायचे. मामा, मी भाकर तशीच ठेवून ताडकन उठलो! अठरा पानांत मी दुसऱ्यांच्या एक्केचाळीस गोण्या वाहून आणल्या होत्या अन् सारे टाके उसवून टाकले होते. वामनराव सर 'कोण म्हणते' असं विचारून राह्यले नव्हते, 'टाका कुठं आहे' असं विचारून राह्यले होते. मी उष्ट्या हातानं त्यायच्या घरी पळालो अन् हे सारं एका दमात सांगून टाकलं. सर झोपाळ्यावर बसले होते, ते उठून उभे राह्यले. म्हणाले, हे निबंधात लिही, हे मी कुठंच वाचलेलं नाही. त्यायच्या मंडळीनं मले हात धुवायले पाणी दिलं अन् एक बेसनाचा लाडू दिला. त्या दिवसापासून मले लायब्ररीशिवाय दुसरं काही सुचलं नाही.

तीन आठवडे मी दोन-दोन पुस्तकं घेऊन यायचो, वसतिगृहात वाचायचो अन् परत करायचो. अशी चौदा पुस्तकं झाली, त्यातली पाच इंग्रजी. (डिक्शनरी मांडीवर घेऊन एक पान वाचायले एक तास, पण वाचली.) काय काय मिळालं म्हणून सांगू! जुने रस्ते, मिठाचे भाव, जंगलखात्यानं बंद केलेली कुरणं, अन् एका इंग्रज सायबाचं प्रवासवर्णन, त्यात आपल्यासारख्याच एका तांड्याचं दोन पानं वर्णन. बायकांच्या घागऱ्यावर अर्धं पान, बैलांच्या शिंगांवर अर्धं पान, अन् शेवटी साहेब म्हणते की या लोकांत कसलीही नोंद ठेवायची पद्धत नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोनशे गोण्या त्याच्या डोळ्यांपुढं रचलेल्या होत्या, दोनशे टाके होते, अन् ह्याले नोंद दिसली नाही! त्याच घडीले माझ्या निबंधाचं डोकं अन् शेपूट दोन्ही ठरलं. त्या सायबाले खोटं पाडायचं, पण सरांच्या पद्धतीनं, आधार देऊन.

आता पुढचं जरा मन घट्ट करून वाचा. (इथं खोका, अन् चांगला लांब खोका.) सरांनी सांगतलं होतं की जे घ्यायचं त्याचा पान-नंबर वहीत लगेच टिपून ठेवा. मी म्हटलं, कायले? आपल्या तांड्यात गोणीले टाका असला की कोणी वहीत लिहते का? वेगळं लिहून ठेवणं म्हणजे टाक्यावर भरोसा नसणं, म्हणजे त्या बाईचा अपमान. सुई-दोरा तर थैलीत होताच, याडीनं बटणासाठी दिलेला, चार रंगांची लडी. मी पुस्तकांलेच टाके घातले, मामा. अक्षराले धक्का न लावता, समासात, याडीच्याच खुणेचा एक-एक नाजूक टाका, अन् दोऱ्याचं टोक बोटभर बाहेर, म्हणजे पुस्तक मिटलं तरी दिसावं. (परत करताना तेवढी टोकं पानांत दुमडून द्यायचो.) रस्त्यांसाठी लाल, मिठासाठी पिवळा, सरकारी हुकमांसाठी हिरवा, अन् खोट्यासाठी काळा. सायबाच्या त्या वाक्याले काळा दुहेरी घातला, गाठ मारून. एकंदर टाके सदतीस. निबंध नव्यानं लिहून काढला, रेघा पट्टीनं ओढल्या, अन् दर रेघेखाली तळटीप लिहली : 'लाल, तिसरा.' 'पिवळा, नववा.' सरांले द्यायच्या आधी एकदा लायब्ररीत बसून टाके पाहू अन् पान-नंबर घालून टाकू, असा बेत होता. काम इतकं सुबक झालं होतं की मी स्वतःवरच खूश. खोलीतल्या जोडीदारानं एवढंच विचारलं की बाबू, ही पुस्तकं तुह्या बापाची आहेत का? मी त्याले म्हटलं, तुले संशोधनातलं काही समजत नाही.

त्या दिवसांत माझी छाती अशी फुगली होती की गावात कोणी मोकळेपणानं बोलण्याची सोय राह्यली नाही. मेसच्या आचाऱ्यानं वांग्याची भाजी संपली म्हटलं, मी आधार मागितला, त्यानं भाजीचं रिकामं गंज माझ्या तोंडासमोर उलटं केलं. न्हाव्यानं सांगतलं की टाळूवर तेल चोळलं की बुद्धी वाढते, मी म्हटलं कोण म्हणते, त्यानं अर्धं डोकं तसंच ठेवून दुसऱ्या गिऱ्हाइकाले बसवलं. तरी माझी मस्ती उतरली नाही.

ती उतरली गेल्या सोमवारी. (इथं खोका.) नागपूरहून तीन जणांची कमिटी लायब्ररी पाहायले आली. नानाजीनं आठ दिवस कपाटं पुसली होती, नवी टोपी घातली होती. कमिटीतल्या एका वयस्क बाईनं विचारलं की तुमच्याकडं जुनं, दुर्मिळ असं काय आहे. नानाजी मोठ्या अभिमानानं आतल्या कपाटाकडं गेले, जानव्याची किल्ली फिरवली अन् सायबाचं प्रवासवर्णन, सोनेरी कडांचं, दोन्ही हातांवर घेऊन बाहेर आले. अन् मी दुमडलेली टोकं सुटून त्या सोनेरी कडेतून खाली लाल, पिवळे, हिरवे गोंडे लोंबत होते! मी समोरच बसलो होतो, मामा. बाई म्हणाल्या, ग्रंथाचं लग्न आहे का आज? नानाजीनं पान उघडलं. टाका पाह्यला. दुसरं उघडलं. मग त्यायनं मान वर केली अन् सरळ माझ्या थैलीकडं पाह्यलं. कोपऱ्यात तोच टाका, तीन तिरपे अन् एक आडवा. चोरानं एवढा ठळक पुरावा गळ्यात अडकवून हिंडल्याचं दुसरं उदाहरण मले अजून कोणत्या पुस्तकात सापडलेलं नाही.

(इथं खोका.) कमिटी गेल्यावर नानाजी माझ्या बाकापाशी आले. त्यायनं फक्त हात पुढं केला अन् मी माझं लायब्ररीचं तिकीट त्या हातावर ठेवलं. मग दोन दिवस ते खिडकी बंद करून आत बसले, चौदाही पुस्तकं समोर, अन् दाढीच्या पात्यानं एक-एक टाका कापून काढला. सदतीसच्या सदतीस. म्हणजे आता स्थिती अशी की निबंध पुरा, अक्षर सुंदर, रेघा सरळ, अन् रेघांखाली 'लाल, तिसरा', 'पिवळा, नववा', अन् जगात कुठंही तो लाल नाही अन् पिवळा नाही. लायब्ररीत मले पाऊल टाकता येत नाही. सरांपुढं गेलो तर ते पुन्हा तेच हळू आवाजात विचारतील. चौदा पुस्तकांची चार हजार पानं, सदतीस ओळी, अन् आज ९ तारीख. तिकीट गेलं त्या रात्री पहिल्यांदा मले घरची आठवण येऊन रडू आलं. हे मी तुमालेच सांगतो.

पण काळजी करू नका. काहीतरी मार्ग निघतेच. माझं मन अजून खंबीर आहे, अभ्यास जोरात आहे, अन् संशोधनाची गोडी लागली ती लागलीच. तुम्ही तुमचा गुडघा सांभाळा. तुमच्याकडून मले काही म्हणजे काही नको, फक्त आशीर्वाद असू द्या. याडीच्या पाया पडतो, बाबाच्या लांबूनच पडतो, कालवडीले (किंवा गोऱ्ह्याले) माझ्याकडून गूळ द्या.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
देवीलाल बाबुलाल

ता. क. : एक बारीकसं काम आहे. कॉलेजच्या फॉर्मवर पालक म्हणून तुमचं नाव आहे. तर तुमच्या नावानं एक जाड पाकीट येईल, कॉलेजचा शिक्का असलेलं. आलं असलं तर ते रागानं फाडू नका. शिक्षण खात्याच्या परिपत्रकांवर तुम्ही चहा ठेवता हे मले माहीत आहे, तसं याचं करू नका. वाचा, खाली 'वाचले व मुलास समज दिली' असं लिहून सही ठोका, अन् पुसदच्या मोटारीवरचा कंडक्टर फुलचंद आहे न, त्याच्या हातात द्या. १८ तारखेच्या आत मले मिळालं पाहिजे. ती सही आल्याशिवाय तिकीट परत मिळत नाही. तुम्ही स्वतः येऊ नका. काठी तर आणूच नका.

ता. क. दुसरा : खरं सांगूनच टाकतो. पाकिटात माझ्यावरची तक्रार आहे, तीन पानं, नानाजीच्या हातची. काल ते प्रिन्सिपॉलसायबाकडं निघाले तेव्हा कागद त्यायच्या काखेत उलटा होता अन् मले वरच्या पानावरच्या ओळी दिसल्या. मामा, नानाजी काय माणूस आहे! टाका कापायच्या आधी त्यायनं दर टाक्याची नोंद केली. लेखकाचं नाव, ग्रंथाचं नाव, कुठं छापला, कोणत्या साली, कितवं पान, कितवी ओळ, दोऱ्याचा रंग. क्रमांक एक ते सदतीस. ते माझं आरोपपत्र नाही, त्या माझ्या तळटिपा आहेत! एवढ्या बिनचूक मी सात जन्मांत लिहल्या नसत्या. मूळ प्रत प्रिन्सिपॉलसायबाच्या कुलपात आहे अन् कार्बन तुमच्याकडं निघाली आहे. साऱ्या महाराष्ट्रात माझी टर्म आत्ता फक्त तुमच्या पाकिटात आहे. तेव्हा सही खाली कोपऱ्यात करा, आकड्यांवर शाई सांडू नका. एवढं केलंत तर तो केळापूरचा वाघ कितीही हात लांब असू द्या, मी जन्मात आधार मागणार नाही. उलट मी स्वतः पाह्यला असं सांगीन.

ता. क. तिसरा : इतक्या वेळा खोकल्यावर याडीले संशय आलाच असन. तुमाले कधी खोकला होत नाही हे तिले पक्कं माहीत आहे. तर आता हे तिले मोठ्यानं वाचा. याडी, माझ्या निबंधात अडतिसावी तळटीप मी टाक्यावाचून लिहली. गोणीच्या खुणेची सारी हकिकत वर लिहली अन् खाली लिहलं : 'मानीबाई बाबुलाल, माझी आई, चुलीपाशी, अनेकदा.' तेवढं एक पान सरांले आधी दाखवलं. त्यायनं लाल पेन्सिल हातात घेतली, वाचलं, अन् पेन्सिल खाली ठेवली. तिथं त्यायनं काही विचारलं नाही.

ता. क. शेवटचा : पाकिटासोबत याडीजवळचा जाड लाल दोरा पाठवा, गोणी शिवायचा, मेण लावलेला, एक गुंडी. सायबाचं पुस्तक शिलाईतून सुटायले आलं होतं, त्याची पानं तीस वर्षं हलत होती. जिथं माझा काळा दुहेरी टाका होता तेवढाच भाग घट्ट धरून बसला होता, अन् टाका कापला तसा तो भागही सुटला, असं आज संध्याकाळी एका माणसानं मले गाठून, इकडं तिकडं पाहून हळूच सांगतलं. तक्रारीची कार्बन कुठं गेली, हेही त्याच माणसानं न विचारता सांगतलं, अन् विचारलं की तुझ्या आईचा हा टाका पुठ्ठ्याच्या बाइंडिंगले घालून देशील का. तुम्ही म्हणाल, कोण म्हणते? मामा, एवढ्या एका गोष्टीले तळटीप देता येत नाही. त्या माणसानं मले जानव्याची शपथ घातली आहे.